कोणाच्या हातावर?

आमच्या आईला जाऊन आता चौदा वर्षे होतील. शेवटच्या दुखण्यात ती जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात सतरा दिवस होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिच्या हातातली सलाईनची सुई निघाली आणि ती पुन्हा लावायला एक शिकाऊ परिचारिका आली. वय फार तर एकोणीस. अंगावरचा गणवेश इतका कडक इस्त्रीचा, की तिच्यापेक्षा त्या गणवेशालाच अधिक धीर असावा. तिने आईच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, हाताच्या पाठीवर दोन बोटांनी टिचक्या मारल्या आणि सुई घातली. शीर बाजूला सरकली. दुसऱ्या वेळी शीर फुटली आणि कातडीखाली जांभळा फुगवटा उठला. तिसऱ्या वेळी तिने मनगटापाशी प्रयत्न केला, तेव्हा मात्र मी उठले. ‘तुमच्या मोठ्या सिस्टर कुठं आहेत?’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘माझी आई काय तुमची शिकायची पाटी आहे?’

मुलीचे डोळे भरले. आई उशीवरून मान न उचलताच म्हणाली, ‘तिला रागावू नकोस गं. कुणाच्या तरी हातावर शिकणारच ना ती? माझ्या हाताचं आता काय राहिलंय! लाव हो पोरी, शिक.’ चौथ्या वेळी सुई लागली.

हा प्रसंग मी वर्गात कितीदा तरी सांगितला आहे. औदार्य हा विषय निघाला की मुलींपुढे मी आईचा हात ठेवीत असे. एका कादंबरीतल्या म्हातारीच्या तोंडी मी हेच वाक्य घातले, आणि ते आवडल्याची पत्रे मला आली. सारांश, त्या चार टोचण्यांवर मी बरेच पुण्य आणि थोडा लौकिकही मिळवला. गेल्या श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली, आणि तेव्हापासून ते वाक्य मला पूर्वीच्या सहजतेने उच्चारता येईनासे झाले. दिवाळीच्या फराळाबरोबर सुया वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण मनात आले ते लिहून टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

ही मुलगी आठवीत माझ्या वर्गात होती. पुढे तिने जी. एन. एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला, पाच वर्षे अतिदक्षता विभागात काम केले, मग लग्न, दोन मुले, आणि त्यावर सासूबाईंचा अर्धांगवायू. अशी नऊ वर्षे घरात गेली. आता मुले शाळेत जाऊ लागली, सासूबाई निवर्तल्या, आणि तिने पुण्यातल्या एका रुग्णालयात पुन्हा नोकरी धरली. प्रत्यक्ष वॉर्डात पाठवण्यापूर्वी तिथे तिच्यासारख्या परत आलेल्यांची पंधरा दिवस उजळणी घेतात.

‘उजळणी कशी असते, ठाऊक आहे बाई?’ चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली. ‘डोळ्यांवर एक डबा बांधतात. पोहायच्या चष्म्यासारखा, पण चांगला मोठा. तो लावला की समोर वॉर्डच येतो. मान वळवली की खिडकी, मागं पाहिलं की दार. खाटेवर एक साठीचे गृहस्थ, पोटाचं ऑपरेशन झालेले. ते बोलतातसुद्धा. इंग्रजीत बोलतात, एवढंच. आणि इतक्या सभ्यपणानं सांगतात की पोटात जरा दुखतंय! आपल्याकडं कुणी असं सांगतं का?’

या साधनाला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. मराठीत त्याला ‘आभासी वास्तव’ असा शब्द केला आहे. वास्तव असेल तर आभासी कसे, ही शंका विचारायला तर्कतीर्थ व्हायला नको. त्यातली युक्ती मात्र समजण्याजोगी आहे. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या जागांवरून पाहतात, म्हणून आपल्याला खोली कळते. डब्यात दोन्ही डोळ्यांपुढे तशीच दोन किंचित वेगळी चित्रे ठेवतात, आणि डोके वळले की ते टिपून चित्रही त्याच क्षणी वळवतात. एवढे झाले की मन फसते. आयव्हन सदरलँड या अमेरिकन संशोधकाने १९६८ साली असले शिरस्त्राण केले, तेव्हा त्याचे लोढणे इतके अवजड होते की ते छताला टांगून ठेवावे लागे. आता ते दप्तरात मावते.

‘पहिल्या दिवशी माझा रोगी दोनदा गेला, बाई.’ तिने शांतपणे सांगितले. मी दचकले. ती हसली. ‘म्हणजे तिथला हो. त्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग भिनत चालला होता. ताप, नाडी जलद, रक्तदाब उतरतोय. मी ताप पाहिला, नाडी पाहिली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला. पण उशिरा. शेवटी पडद्यावर हिशेब येतो, की कुठली गोष्ट कितव्या मिनिटाला केलीत आणि कुठली केलीच नाहीत. मी श्वास मोजलेच नव्हते. सगळ्यांत आधी श्वास वाढतात. पुरतं एक मिनिट छातीकडं पाहत उभं राहायचं, एवढंच काम. पाच वर्षं ते मी रोज करत होते, आणि नेमकं तेच विसरले.’

विसरणे ही मनाची गोष्ट आहे असे आपण समजतो, परंतु हातही विसरतो. पेटी शिकून सोडलेल्यांना हे सांगायला नको. परिचारिकेच्या बाबतीत त्याला एक विलक्षण अडचण जोडलेली आहे. बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याची क्रिया घ्या. छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर ३० दाबांनंतर तोंडात दोन वेळा श्वास फुंकायचा. सांगायला सोपे आहे. पण हे शिकलेल्यांची पुन्हा परीक्षा घेतली, तर तीन ते सहा महिन्यांतच कौशल्य उतरू लागलेले दिसते, असे अनेक ठिकाणच्या पाहण्यांत आढळले आहे. त्याचे प्रमाणपत्र मात्र बहुधा दोन वर्षांचे असते. कागद टवटवीत राहतो आणि हात कोमेजतो. आणि एखाद्या शांत वॉर्डात असा प्रसंग महिनोन्‌महिने येत नाही. येऊ नये अशीच सर्वांची प्रार्थना असते. हात चालू राहावा म्हणून कोणाचे तरी हृदय बंद पडो, अशी इच्छा कोण करील? तेव्हा क्वचित येणाऱ्या संकटाचा नित्य सराव करायचा, तर ते संकट खोटेच उभे करावे लागते.

नऊ वर्षांची रजा ही काही माझ्या विद्यार्थिनीचीच कथा नव्हे. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा ब्रिटनमधल्या परिचारिकांच्या नोंदणीमंडळाने काम सोडून गेलेल्यांसाठी तात्पुरती नोंदवही उघडली आणि निवृत्त बायका पुन्हा गणवेश चढवून उभ्या राहिल्या. त्यांचे धैर्य मोठेच. पण खाटेवरच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न उरतोच: मधल्या वर्षांत बोथटलेला हात पुन्हा धारेला लावायचा, तो कोणाच्या अंगावर?

हा प्रश्न आजचा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाचा आहे. योग्या म्हणजे सराव. सगळे शास्त्र पाठ असूनही ज्याने सराव केला नाही तो प्रत्यक्ष कामाला अपात्र, असे तिथे बजावले आहे. आणि मग सराव कशावर करायचा ते सांगितले आहे. कापण्याचा सराव भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर. भेदण्याचा सराव पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा केसाळ चामड्यावर. शीर टोचण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. शिवण्याचा कापडाच्या कडांवर. पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. ही यादी वाचताना मला तो आश्रम डोळ्यांपुढे दिसतो: सकाळी शिष्य बाजारातून भोपळे घेऊन येत असतील, आणि दुपारच्या आमटीत बहुधा तेच तुकडे पडत असतील! पण थट्टा सोडा. ज्याने हा अध्याय लिहिला त्याने शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत जिवंत माणसावरून काढून भोपळ्यावर ठेवली. इतक्या जुन्या काळी एवढी कणव कुठून आली असेल?

मधली शतके मी सोडून देते. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयातल्या परिचारिका-विद्यालयाने मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी एक बाहुली करवून घेतली. तिचे नाव ‘मिसेस चेस’ असेच पडले. मुली तिला कुशीवर वळवीत, कपडे घालीत, खाटेवरून उचलीत. पुढे नॉर्वेत आस्मुंड लार्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने १९६० च्या सुमारास श्वास फुंकण्याच्या सरावासाठी ‘अ‍ॅन’ नावाची बाहुली काढली, आणि ती जगभर गेली. अ‍ॅनचा चेहरा कोठून आला ते ऐकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये सेन नदीत एका अनोळखी तरुणीचे प्रेत सापडले, तिच्या शांत मुद्रेचा साचा कोणी काढून घेतला, आणि त्या मुखवट्याच्या प्रती घरोघर भिंतींवर लागल्या, अशी कथा आहे. कथा कितपत खरी यावर वाद आहेत, पण मुखवटा खरा आहे. लार्डालने तोच चेहरा आपल्या बाहुलीला दिला. लाखो माणसांनी त्या ओठांवर ओठ टेकून जीव वाचवायचे शिकून घेतले. त्या मुलीला मात्र कोणी विचारले नव्हते. विचारायला तिचे नावदेखील कोणाला माहीत नव्हते.

‘कोणी विचारले नव्हते’ हे शब्द मी येथे मुद्दाम लिहून ठेवते. त्यांचे काम पुढे आहे.

आता विमानांकडे वळते; विषयांतर वाटेल, पण नाही. एडविन लिंक हा अमेरिकन गृहस्थ ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवणाऱ्याचा मुलगा. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने ऑर्गनचेच भाते वापरून जमिनीवर डोलणारे एक खोटे विमान तयार केले. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीला जाई. १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांकडे टपाल वाहण्याचे काम आले, वाईट हवेत एकामागून एक तरुण मेले, आणि लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. पुढे वैमानिकांचे बरेच शिक्षण अशा खोट्या विमानांतून होऊ लागले. आज खोट्या विमानात कसोटीला न उतरलेल्या माणसाच्या हाती कोणी प्रवासी देत नाही.

माझ्या मनात असे येते की विमानविद्येला ही अक्कल लवकर सुचली याचे कारण उघड आहे. तिथे शिकणारा चुकला तर शिकणाराच आधी मरतो. शुश्रूषेचे आणि वैद्यकाचे तसे नाही. सुई चुकली तर शिकणारीचे डोळे पाणावतात, पण हात काळानिळा होतो तो दुसऱ्याचा. संध्याकाळी एक जण वसतिगृहात परत जातो आणि दुसरा खाटेवरच असतो. वैद्यकाच्या शिक्षणात ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ अशी म्हणच होती. यातले मधले ‘एक’ म्हणजे एक माणूस असतो, हे त्या म्हणीच्या ठेक्यात ऐकू येत नाही.

आणि तो माणूस कोण असतो? जो मोठ्या खोलीत पैसे भरून असतो तो नव्हे. इंग्लंडने १८३२ साली कायदा करून शरीररचना शिकण्यासाठी बेवारस प्रेते मिळवून दिली. ती आली मुख्यतः गरिबांच्या अनाथगृहांतून. आपल्याकडे मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बेवारस देहांबाबत तसाच कायदा केला. यात लबाडी कोणाची नव्हती. शिकणे आवश्यकच होते. परंतु मेल्यावर जे घडे तेच जिवंतपणीही घडे, इतके मला म्हणायचे आहे. जिथे उपचार फुकट, तिथे देह शिकवण्याच्या कामाचा. हा करार कोठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो मोडताही येत नव्हता.

हे सगळे मी माझ्या विद्यार्थिनीला बोलून दाखवले आणि न राहवून आईची गोष्टही पुन्हा सांगितली. ती तिने पूर्वी माझ्याकडूनच ऐकली होती. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘बाई, राग नका मानू. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्या बॅचला सुई कुठल्या खाटेवर लावायची ते ठरलेलं असायचं. ज्याच्याजवळ बोलणारं कुणी नाही, त्या खाटेवर. कुणी सांगायचं नाही तसं. पण आम्हाला कळायचं. ज्याचा मुलगा वकील, त्याच्याकडं मोठ्या सिस्टर स्वतः जायच्या.’

मी विचारले, ‘मग आमच्याकडे ती मुलगी कशी आली? मी होते ना तिथे!’

‘तुम्ही शाळेतल्या बाई आहात हे त्यांना कुठं ठाऊक होतं?’ ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा वर्षे मी आईच्या ज्या वाक्याला औदार्य म्हणत आले, ते खरोखर औदार्य होते का? दान देणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक असते, म्हणूनच ते दान. आईला ती मोकळीक होती का? शिकाऊ मुलगी आली तेव्हा आईला कोणी विचारले नाही. दुसऱ्यांदा टोचताना विचारले नाही, तिसऱ्यांदाही नाही. आई जन्मभर अशाच गोष्टींना तोंड देत आली होती, ज्यांना नाही म्हणता येत नसे. मग जे टळत नाही ते स्वतः होऊन दिल्यासारखे करायचे, ही तिची रीत. घरातले शिळे तिच्या पानात पडायचे आणि ‘मला शिळंच आवडतं’ असे ती म्हणायची. आम्ही पोरे ते खरे मानीत होतो! आमच्यासारख्या घरांतल्या कितीतरी बायकांनी सक्तीला हसरा चेहरा दिला आणि लेखकांनी त्या चेहऱ्याची वर्णने केली. त्यात मीही आहे.

आता या आभासी वॉर्डाकडे परत येते. त्याच्याविरुद्ध जे बोलले जाते ते मी ऐकले आहे, आणि त्यातले काही माझ्याही मनात आले होते. पहिला आक्षेप असा, की खोट्या रोग्यावर खोटीच शुश्रूषा शिकता येईल. वेदान्ती लोक याला स्वप्नातल्या सिंहाचा दृष्टांत देतात. सिंह खोटा, पण त्याच्या भीतीने येणारी जाग खरी. माझी विद्यार्थिनी त्या खोट्या गृहस्थांचे श्वास मोजायला विसरली, आणि तेव्हापासून खऱ्या खाटेशी गेली की पहिल्यांदा घड्याळ पाहून छातीकडे बघत उभी राहते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा विद्यालयांतल्या परिचारिका-विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाचा वॉर्डातला जवळजवळ निम्मा वेळ काढून तो चांगल्या रीतीने आखलेल्या कृत्रिम प्रसंगांना दिला. ज्ञानात, कौशल्यात, किंवा परवाना-परीक्षेत तो गट इतरांच्या मागे पडला नाही. ते प्रसंग मुख्यत्वे बाहुल्यांचे आणि रोग्याची भूमिका करणाऱ्या माणसांचे होते, डोळ्यांवरच्या डब्याचे नव्हते, हे सांगितले पाहिजे. पण खोट्यातून खरे शिकता येते एवढे त्यातून निघते. आपल्याकडेही बी. एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात असल्या कृत्रिम सरावाला जागा दिली आहे.

डब्याच्या मर्यादा माझ्या विद्यार्थिनीनेच मला सांगितल्या. शीर बोटाखाली कशी उसळते ते त्यात कळत नाही. हातातली दांडी थरथरते, तेवढेच. माणसाला कुशीवर वळवताना त्याच्या देहाचे जे ओझे कमरेवर येते ते तिथे येत नाही. तिच्याबरोबरच्या एकीला तर दहा मिनिटांत मळमळू लागले आणि डबा काढून ठेवावा लागला. तेव्हा हाताचे शिक्षण बाहुलीवर आणि रबरी दंडावरच. डब्याने शिकायचे ते नजरेचे आणि निर्णयाचे. आधी काय पाहायचे, कोणाला हाक कधी मारायची, एकाच वेळी तीन घंटा वाजल्या तर कोणत्या खाटेकडे धावायचे. ‘आणखी एक,’ ती म्हणाली, ‘तिथं त्यांची बायको नव्हती. आपल्याकडं खाटेच्या पायाशी बायको बसलेली असते, आणि आपण काय करतोय यापेक्षा आपल्या तोंडाकडं बघत असते. तिच्या देखत न घाबरणं, हे त्या डब्यात नाही.’

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटला होता. तिनेच तो नकळत पुढे आणला. तिसऱ्या दिवशी, म्हणे, तिने त्या गृहस्थांना मुद्दाम चुकीची गोष्ट दिली.

‘मुद्दाम?’

‘हो. काय होतं ते बघायचं होतं. पाच वर्षं मी ते औषध देताना भीत होते. जास्त दिलं तर काय होतं, ते पुस्तकात एक ओळ. तिथं मी डोळ्यांनी पाहिलं.’ मग थोडी ओशाळून, ‘आणि नंतर डबा काढून चहा प्यायले.’

मला क्षणभर तिची भीतीच वाटली. माणूस मारून चहा! चूक पुसता येते हे ज्याच्या अंगवळणी पडले, त्याला खऱ्या खाटेशी तेवढीच धाकधूक राहील का? पण नंतर मला माझाच वर्ग आठवला. आम्ही मुलांना आधी पाटीवर लिहायला देत होतो, वहीवर नव्हे, कारण पाटी पुसते. पाटीवर मुले काय वाटेल ते करीत. अक्षर उलटे काढून बघत, ‘क’ला दोन शेपट्या लावून बघत. वहीवर कोणी तसे केले नाही. पाटी आणि वही यांतला फरक मुलांना कधी शिकवावा लागला नाही. घरात चकल्या करायला शिकणारी सूनही पहिला घाणा मोडण्यासाठीच घालते. त्याचे तुकडे पोरे खातात आणि कोणाचेच काही बिघडत नाही. मात्र पाहुणे दारात असताना तोच घाणा तुटला तर तिचा जीव खाली-वर होतो. भोपळा कापणाऱ्या शिष्याच्या मनात दुसऱ्या दिवशी माणसाबद्दलची भीड उरली नसेल असे कोणी म्हटलेले मला माहीत नाही. जिज्ञासा ही खाटेपाशी गुन्हा आहे. तिला कुठेतरी निर्दोष जागा हवीच, आणि ती जागा आजवर गरिबाचा देह होता. त्या मानाने इंग्रजी बोलणारे, जिवंत नसलेले ते सभ्य गृहस्थ परवडले.

म्हणून मी या डब्याच्या बाजूची आहे. पण एक भय मला आहे, आणि ते यंत्राचे नसून आपले आहे. हे डबे प्रथम कोठे येतील? जिथे पैसे आहेत तिथे. तिथल्या परिचारिका आभासात चुकून घेतील आणि खऱ्या खाटेशी निर्दोष हाताने येतील. जिल्ह्याच्या रुग्णालयात मात्र एकोणीस वर्षांची मुलगी रबरी पट्टा आवळून टिचक्या मारीत असेल, आणि बोलणारे कोणी जवळ नसलेली खाट कोणती ते तिला कळत असेल. तसे झाले तर गरिबाच्या हाताचे भोपळेपण संपले नाही, फक्त श्रीमंताचे संपले, इतकेच म्हणावे लागेल. आणि श्रीमंताचे ते तसेही फारसे कधी नव्हते.

शिवाय कितीही सराव केला तरी पहिला खरा माणूस कोणीतरी असतोच. भोपळ्यानंतर एक दिवस कातडी येते. ती वेळ यंत्र टाळू शकत नाही. त्या पहिल्या माणसाचे आपण काय करायचे, त्याला सांगायचे की नाही, एवढाच प्रश्न शेवटी उरतो. आणि मला वाटते, आईच्या वाक्यात जे मी शोधत होते ते याच ठिकाणी हरवले होते. ती म्हणाली ते तिने विचारल्यावर म्हटले असते, तर त्याचे मोल मला आजही निःशंकपणे सांगता आले असते. कदाचित तिने तेच म्हटले असते. माझी आई मला ठाऊक आहे. तिने तेच म्हटले असते. पण ते मी तिच्या वतीने म्हणणे आणि तिने म्हणणे यांत अंतर आहे.

निघताना मी विद्यार्थिनीला विचारले, ‘उजळणी झाली. मग वॉर्डातली पहिली सुई कोणाला लावलीस?’

ती पायांत चपला सरकवता सरकवता थांबली. ‘बायकांच्या वॉर्डात एक आजी होत्या. हात अगदी वाळलेला, शिरा दोऱ्यासारख्या. मी त्यांना म्हटलं, आजी, मी नऊ वर्षांनी सुई लावतेय. रबरी हातावर खूप केलंय, पण माणसाच्या हातावर आज पहिल्यांदाच. लावू का? का दुसऱ्या सिस्टरना बोलावू?’

‘मग?’

‘आजींनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, दुसरीला बोलाव.’

आम्ही दोघीही हसलो.

‘मग मी दुसऱ्या सिस्टरना बोलावलं,’ ती म्हणाली, ‘आणि त्या सुई लावत होत्या तोवर आजींचा दुसरा हात धरून उभी राहिले.’